पॅसेजमधल्या उन्हाची मोजणी

आपल्या घरात ऊन येत नाही हे मोजणीदारांना निवृत्तीनंतर जवळजवळ महिन्याने कळलं, आणि तेही एका निवडुंगामुळे. त्याआधी बावीस वर्षं ते त्याच घरात राहत होते. पण त्या बावीस वर्षांत दिवसाउजेडी ते घरात असायचेच कुठे? सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडायचं, दिवसभर दुसऱ्याच्या जमिनीवर उभं राहून टेप ताणायची, दोन भावांच्या मधोमध हद्दीचा दगड रोवायचा, दोघांच्याही शिव्या खायच्या आणि अंधार पडला की घरी यायचं. ज्याच्या डोक्यावर दिवसाचे नऊ तास ऊन असतं तो घरी येऊन उन्हाची चौकशी कशाला करेल? दारातून आत आलं की त्यांना बरं वाटायचं. "घर कसं थंडगार आहे," असं ते म्हणायचे. त्यांच्या पत्नी हातातला डबा घेऊन घासायला नेत.

इमारतीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नव्हतं. छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या म्हणून ते मोजणीदार आणि त्यांच्या पत्नी मोजणीदारीणबाई, जरी बाईंनी आयुष्यात पिठाखेरीज काही मोजलेलं नव्हतं, आणि पीठही अंदाजानेच.

निवडुंग निरोप समारंभात मिळाला. लिंबाएवढा एक हिरवा गोळा, त्याच्या बुडाला चिकटून वाटाण्याएवढी चार पिल्लं, आणि सगळ्यांच्या अंगावर म्हाताऱ्याच्या दाढीसारखे पांढरे काटे. हा प्रकार असाच गोतावळा करून वाढतो म्हणे. देताना आवक-जावक कारकून सहज म्हणाला की साहेब, याला काही करावं लागत नाही, नुसतं ठेवून द्यायचं. मोजणीदारांना हे झोंबलं. कारण त्याच समारंभात तीन वक्त्यांनी पाठोपाठ उठून खुद्द त्यांच्याविषयी हेच सांगितलं होतं, की आता साहेबांना काही करावं लागणार नाही. घरी येताच त्यांनी कुंडी दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवली आणि जाहीर केलं की हे रोप आपण नुसतं ठेवणार नाही, वाढवून दाखवणार.

ते कामाला लागले म्हणजे किती लागले! रोज सकाळी साडेसहाला स्टीलची पट्टी घेऊन ते निवडुंगाची उंची मोजत आणि वहीत लिहीत. पाण्याच्या बाबतीत त्यांनी शेजाऱ्यांचे सल्ले घेतले. वरच्या मजल्यावर कवायतीचे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांच्या मते रोज पेलाभर पाणी, ठरल्या वेळेला, मग झाड असो की माणूस. त्यांच्या शेजारी दवाखान्यात नोकरी करणाऱ्या सिस्टर राहत. त्यांनी ड्रॉपर आणून दिला आणि पाच मिली सांगितलं. दूधवाल्याने सांगितलं की महिनाभर पाण्याकडे बघूच नका. आता मोजणीत तीन वाचनं जुळली नाहीत की सरासरी काढायची असते, हा मोजणीदारांचा धर्म. त्यांनी तिन्ही सल्ल्यांची सरासरी काढली, ती दर चार दिवसांनी अर्धा कप अशी आली, आणि ते दर चार दिवसांनी अर्धा कप ओतू लागले. या हिशोबात चूक कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

आणि निवडुंग वाढला की हो! पहिल्या दोन आठवड्यांत चार मिलिमीटर, पुढच्या दहा दिवसांत आणखी सहा. मोजणीदार वही घेऊन जिन्यात उभे राहू लागले. मास्तरांनी पाठ थोपटली. सिस्टरनी वजनही घ्यायला सांगितलं. एकट्या बाईंनी भाजी चिरता चिरता कपाटाकडे बघितलं आणि म्हणाल्या की वाढतंय कसलं, मान लांब करून खिडकी शोधतंय ते. मोजणीदार हसले. ज्या बाईने जन्मात पट्टी हातात धरली नाही तिने वाढीवर मत द्यावं, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

त्या आठवड्यात एक पिल्लू बोट लावताच मऊ लागलं. मोजणीदारांनी कुंडी पिशवीत घातली आणि नर्सरी गाठली.

नर्सरीवाला कमी बोलणारा माणूस होता. त्याने निवडुंग उचलला, मुळाशी वास घेतला, गोळ्याचा वरचा फिकट, लांबुळका भाग बोटाने दाखवला आणि विचारलं, "ऊन किती तास?"

घरातलं ऊन त्यांनी डोळ्यांपुढे आणून बघितलं. दिवाणखान्याची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती, स्वयंपाकघराची जिन्याच्या मागे, आणि निजायच्या खोलीची डक्टमध्ये. बावीस वर्षं ते एका डब्यात राहत होते आणि त्याला थंडगार म्हणत होते.

"दोन तास तरी कडक ऊन द्या रोज," नर्सरीवाला म्हणाला. "पाणी थांबवा. माती काढून भरड वाळूत लावा. आई आहे तोवर पोरं आहेत. आई सडली की सगळं गेलं."

वाळूचं प्रकरण थोडक्यात सांगायचं तर असं, की कोपऱ्यावरच्या बांधकामावरून मागून आणलेली वाळू मोजणीदारांनी स्वयंपाकघरातल्या पिठाच्या चाळणीने चाळली. चाळणी नवी होती. बाईंनी त्यावर जे भाष्य केलं ते इथे देण्याचं कारण नाही. शिवाय निवडुंग कुंडीतून काढताना त्यांनी तो उघड्या हाताने धरला, कारण छत्तीस वर्षं काट्याकुट्यांतून हिंडलेल्या माणसाने हातमोजे घालणं त्यांना शोभेना. ते पांढरे मऊ दिसणारे काटे टोकाला आकड्यासारखे वाकलेले असतात. सिस्टरनी चिमट्याने एकोणतीस काढले आणि तिसावा आपण होऊन येईल असं सांगितलं. तो आला नाही.

आता उन्हाचा प्रश्न. मोजणीदार पहिल्या मजल्यावर राहत. त्या मजल्याचा पॅसेज लांबट होता आणि जिन्यावरून वर आलं की समोर, पार दुसऱ्या टोकाला, पूर्वेची मोठी खिडकी दिसे. डाव्या हाताला मोजणीदारांचं दार. उजव्या हाताला दोन दारं, जिन्याजवळचं सोसायटीच्या सेक्रेटरींचं आणि खिडकीजवळचं खजिनदारांचं. थंडीचे दिवस होते. सकाळी नऊ वाजता त्या खिडकीतून ऊन तिरकं आत शिरे आणि नेमकं डाव्या भिंतीवर, मोजणीदारांच्या दाराशेजारी, पसरून बसे. दुसऱ्याच दिवशी मोजणीदारांनी तिथे स्टूल मांडलं आणि त्यावर कुंडी ठेवली. निवडुंगाने डोळे मिटून घेतले असावेत, असं त्यांना वाटलं.

साडेनऊला सेक्रेटरी दारातून बाहेर आले. हे गृहस्थ एका विमा कंपनीत दावे तपासायचं काम करत, म्हणजे नाकारायचं. ते काम घरी येतानाही त्यांच्या अंगावर असे. त्यांनी स्टुलाकडे बघितलं, कुंडीकडे बघितलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की पॅसेज सामाईक आहे, त्यात वस्तू ठेवायला समितीची लेखी परवानगी लागते. तुमच्या दारापुढचं चपलांचं कपाट सामाईकात येत नाही का, असं मोजणीदारांनी विचारलं. ते इमारतीच्या मूळ आराखड्यापासून आहे, असं उत्तर आलं. दुसरा कुणी असता तर इथेच भांडला असता. पण मोजणीदार कागदावर वाढलेला माणूस. हद्दीचं भांडण तोंडाने मिटत नाही, मोजून मिटतं, हे त्यांनी हजार लोकांना सांगितलेलं होतं. त्यांनी स्टूल उचललं आणि अर्ज लिहायला बसले.

अर्जाला नकाशा जोडायचा होता. मोजणीदारांनी माळ्यावरून टेप, गुण्या आणि रंगीत शायांच्या बाटल्या काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी खडूने उन्हाची कड आखली, दहाला पुन्हा आखली, पावणेअकराला तिसऱ्यांदा, आणि तिन्ही आकृत्या जिथे एकमेकींवर आल्या ती जागा एक फूट बाय एक फूट अशी नक्की केली. लोक ऑफिसला जाता जाता त्यांना ओलांडून जात होते. मास्तरांनी टेपचं दुसरं टोक धरलं. नकाशा असा सुरेख उतरला की मोजणीदारांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा जेवण गोड लागलं. पॅसेज काळ्या रेघेत, दारं तांबडी आणि ऊन पिवळ्या शाईत. त्यांनी तो बाईंना दाखवला. बाईंनी बराच वेळ बघितला आणि एवढंच विचारलं, की हे ऊन असं इथेच राहणार का? मोजणीदारांनी प्रमाण वगैरे समजावून सांगितलं. बाई बरं म्हणाल्या.

समितीचं काम समितीसारखंच चाललं. पहिली सभा संख्येअभावी तहकूब झाली. दुसऱ्या सभेत सेक्रेटरींनी हरकत घेतली की नियमाप्रमाणे एका घरामागे सामाईकात एकच रोप मान्य आहे आणि अर्जदाराच्या कुंडीत उघड्या डोळ्यांना चार दिसतात. एक आई, तीन पिल्लं, कारण मऊ पडलेलं चौथं तोवर गळून गेलं होतं. हे गणित सोडवायला मास्तर आणि सिस्टर यांची उपसमिती नेमली गेली. उपसमिती मोजणीदारांच्या घरी आली, चहा घेतला आणि भिंगातून निवडुंग बघितला. मास्तरांचं म्हणणं की वेगळं डोकं म्हणजे वेगळा गडी. पण सिस्टरनी प्रसूती विभागात अठरा वर्षं काढली होती. नाळ कापेपर्यंत दोघांचा केस पेपर एकच असतो, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि तो एकमताने नोंदला गेला.

निकाल लागेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी, असा समितीचा आदेश होता. म्हणजे कुंडी घरात. बाई म्हणाल्या की सेक्रेटरी ऑफिसला गेले की ठेवत जा तासभर, कोण बघतंय. मोजणीदार ताठ झाले. वादातल्या जमिनीवर निकालाआधी पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलं होतं. त्यांनी निवडुंग ट्यूबलाइटखाली ठेवला आणि वाट बघत राहिले. गोळा आणखी फिकट झाला, आणखी वाकला. सव्वादोन महिने ते रोज सकाळी बुडाला बोट लावून बघत होते. ज्याला काही करावं लागत नाही तेही आपल्या हातून जात आहे, ही गोष्ट त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही.

अखेर ठराव झाला. मसुदा मोजणीदारांनीच लिहून दिला होता, कारण सेक्रेटरींच्या मसुद्यात जागेचं वर्णन मोघम होतं. अर्जदारास नकाशात दाखवलेली एक फूट बाय एक फूट जागा कायमस्वरूपी देण्यात येत आहे. त्या जागेत इतर कुणी काही ठेवू नये. आणि अर्जदाराने सदर कुंडी त्या जागेच्या हद्दीबाहेर सामाईकात कोठेही ठेवू नये. हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. सेक्रेटरींनाही ते सुचलं नव्हतं. हद्द दोन्ही बाजूंनी बांधली नाही तर उद्या तंटा होतो, या अनुभवाने मोजणीदारांनी ते स्वतःच्या हाताने घातलं, आणि अंगठ्यात तिसावा काटा ठसठसत असताना झोकात सही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून पॅसेजमध्ये आले. चार कोपऱ्यांना पितळी खिळे ठोकून हद्द कायम केलेली होती. त्यांनी मधोमध स्टूल ठेवलं, स्टुलावर कुंडी ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. मास्तर आणि सिस्टर मुद्दाम खाली आले होते. नऊ वाजले. ऊन नाही. सव्वानऊ झाले. मोजणीदारांनी खिडकीबाहेर बघितलं तर आकाशात ढगाचं नाव नव्हतं. डाव्या भिंतीला, नकाशातल्या पिवळ्या जागेत, स्वच्छ सावली होती. आणि उजव्या बाजूला, सेक्रेटरींच्या दारापुढे, चपलांच्या कपाटावर, भरभरून ऊन पडलं होतं.

सूर्य वर्षभर एका जागी उगवत नाही, हे मोजणीदारांना ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत शिकलेले होते. पण छत्तीस वर्षं ज्याच्याशी संबंध आला ती जमीन. ती पोरांच्या लग्नात विकली जाते, भावांत फाटते, पण जागची हलत नाही. एकदा नकाशा केला की केला. मध्ये थंडी संपून उन्हाळा लागला होता आणि त्यांनी कायमस्वरूपी मिळवलं ते डिसेंबरचं ऊन होतं.

बाई दारात उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ते आता तिकडे असतं."

"तुला कसं माहीत?"

"मला नाही माहीत तर कुणाला? रविवार सोडून रोज केस धुतले की मी इथेच उभी असते वाळवायला. थंडीत आपल्या दाराशी, मग मधे, मग सेक्रेटरींच्या दारात. बावीस वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुठे कुणी?" बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही मोजत होतात."

मोजणीदार घरात जाऊन पाणी प्यायले. त्यांना लाज वाटली, नकाशा चुकला त्याची कमी आणि दुसऱ्या गोष्टीची जास्त. या बाईने बावीस वर्षं अंधाऱ्या घरात काढली होती आणि रोज दहा मिनिटं उन्हाच्या मागे मागे पॅसेजभर फिरली होती. एक अर्ज नाही, एक तक्रार नाही. आणि आपण रोज घरी येऊन तिला सांगत होतो की घर कसं थंडगार आहे.

त्यांनी सेक्रेटरींकडे जाऊन तोंडी विचारलं. सेक्रेटरींनी ठराव आणून शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. हद्दीबाहेर कोठेही ठेवू नये. अक्षर आपलंच आहे ना, असंही विचारलं. दुरुस्तीसाठी नवा अर्ज, नवा नकाशा, नवी सभा. म्हणजे पुन्हा सव्वादोन महिने आणि तोवर ऊन भलतीकडेच गेलेलं. मोजणीदारांनी घरी येऊन निवडुंगाच्या बुडाला बोट लावलं. एका बाजूला किंचित मऊ लागलं. पिल्लाला नाही, आईला. मग मात्र त्यांचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते सेक्रेटरींच्या दारापुढे, भर उन्हात, कुंडी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. ठेवलेली कुठेच नाही. सेक्रेटरी बाहेर आले आणि म्हणाले की हे चालणार नाही. माणसाने पॅसेजमध्ये उभं राहू नये असा नियम दाखवा, मोजणीदार म्हणाले. सेक्रेटरी आत गेले, नियमांचं पुस्तक घेऊन आले, उभ्या उभ्या सगळं चाळलं आणि त्यांची बस चुकली.

पावणेअकरापर्यंत मोजणीदार उभे होते. दुसऱ्या दिवशी तसेच, तिसऱ्या दिवशी तसेच. ज्याने उन्हात उभं राहून आयुष्य काढलं त्याला दीड-पावणेदोन तास म्हणजे काय? हात भरून येत तेव्हा ते कुंडी छातीशी धरत, आणि शर्टातून काटे टोचले की पुन्हा लांब धरत. कुरियरवाल्याने त्यांच्याकडून सेक्रेटरींच्या पाकिटाची सही घेतली. एकदा विम्याचा दावा नाकारला गेलेला एक गृहस्थ घरचा पत्ता काढून आला. मोजणीदारांना बघून त्याला वाटलं ही रांग आहे. तो फाइल काढून त्यांच्यामागे उभा राहिला आणि किती वेळ लागतो म्हणून त्याने विचारलं. मोजणीदारांनी प्रामाणिकपणे पावणेअकरा सांगितलं. तो गृहस्थ पावणेअकरापर्यंत उभा राहिला. त्या दिवशी सेक्रेटरी दार उघडून त्याच्यासमोर येण्याऐवजी आजारी पडले.

दुसऱ्या आठवड्यात निवडुंगाचं बूड टणक लागू लागलं. वरचा फिकट भाग तसाच राहिला, पण शेंड्याला नवे काटे फुटले ते दाट आणि पांढरेशुभ्र. मोजणीदारांनी पट्टी काढली नाही. बोटाने बघितलं तेवढं त्यांना पुरलं.

रविवारी विशेष सभा बोलावली गेली. सभा तळमजल्यावर विजेच्या मीटरांच्या खोलीत व्हायची, कारण सहा खुर्च्या तेवढ्या तिथेच मावत. सेक्रेटरींनी दोन आरोप वाचले, ठरावाच्या हेतूचा भंग आणि रहिवाशाच्या प्रवेशद्वारात अडथळा. मग आवाज मऊ करून त्यांनी तोडगा सांगितला. मोजणीदारांनी लेखी माफी द्यावी, उजव्या बाजूचा नवा नकाशा सादर करावा, समिती सहानुभूतीने विचार करेल. खजिनदारांनी मान डोलावली. मास्तर छताकडे बघत होते. एक सही केली की सगळं निस्तरणार होतं, आणि सिस्टरनी पेनही पुढे केलं.

मोजणीदार उठले. खिशातून ठरावाची प्रत काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"नकाशा चुकला, हे मी मानतो," ते म्हणाले. "माफी मागायची तर उन्हाची मागीन. समितीची कशाबद्दल? ही जागा परत घ्या. दुसरी नको. माझी बायको बावीस वर्षं या पॅसेजमध्ये ऊन खायला उभी राहते. तुमच्या एकाही इतिवृत्तात ती नाही. ती माझ्या नकाशातही नव्हती. तिला परवानगी कुणी दिली होती? कुणीच नाही. मलाही नको."

एवढं बोलून ते खाली बसले नाहीत, जिना चढून घरी गेले. त्यांच्या मागे समितीने ठराव केला की उद्यापासून कुणीही सबळ कारणाशिवाय पॅसेजमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू नये. सिस्टरनी सही केली नाही. बाकीच्यांनी एकमेकांकडे न बघता केली, आणि दुपारी तो कागद जिन्याच्या तोंडाशी चिकटला.

सोमवारी नऊ वाजता मोजणीदार कुंडी घेऊन उंबऱ्याबाहेर पडले, तेव्हा मागून बाई आल्या. केस ओले होते आणि मोकळे सोडलेले होते. एरवी त्या दहा मिनिटांत काम उरकून आत जात, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीला चिकटून उभ्या राहत. आज त्या पॅसेजच्या मधोमध, नवऱ्याच्या शेजारी, उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

सव्वानऊला सेक्रेटरींचं दार उघडलं. त्यांनी दोघांकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि उंबऱ्यातच थांबले. पाच मिनिटं झाली. सहा झाली. दहा झाली. मोजणीदार काही बोलणार होते, पण बाईंनी त्यांच्या हातातली कुंडी स्वतःकडे घेतली आणि त्यांना गप्प केलं.

"वहिनी, ठराव वाचलात ना?" सेक्रेटरींनी विचारलं. "असं किती वेळ उभं राहायचं ठरवलंय?"

"ऊन आहे तोवर," बाई म्हणाल्या.

"आणि उद्या?"

"उद्या इथेच. जूनमध्ये खजिनदारांच्या दारात जाऊ, ते तिकडे जातं तेव्हा." त्यांनी कुंडी थोडी फिरवून निवडुंगाची दुसरी बाजू उन्हाला धरली. "तुम्ही निघा. ऑफिसला उशीर होईल. आम्हाला नाही होत."

सेक्रेटरींनी बॅग पोटाशी धरली आणि चपलांच्या कपाटाला घासत, भिंतीच्या कडेकडेने, दोघांना ओलांडून ते जिन्याकडे गेले. बाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. त्यांचे केस अजून ओले होते आणि पावणेअकराला भरपूर वेळ होता.